वडिलांच्या डिस्चार्ज बुकमध्ये द्रासची अटॅचमेंट आणि ऑप विजय (१९९९ चं कारगिल युद्ध) स्टार मेडलची नोंदच नाही, रिटायर होऊन इतकी वर्षं झाल्यावर दुरुस्ती होते का?

होते. पण तुम्ही अर्जात जे मागताय ते मागून होणार नाही, म्हणून तर रेकॉर्ड ऑफिसकडून (जवानांची कागदपत्रं सांभाळणारं फौजेचं कार्यालय) "नोंद आढळून येत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर येतंय.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील तोफखान्यात ड्रायव्हर, १९९९ ला त्यांची स्वतःची रेजिमेंट पंजाबात होती, जूनमध्ये त्यांना आणि अजून काही जणांना दुसऱ्या रेजिमेंटबरोबर अटॅच करून द्रासला पाठवलं, तिथं ते ॲम्युनिशनच्या गाड्या चालवत होते, थंडीच्या आधी परत आले, २००४ ला हवालदार म्हणून घरी. बुकात ऑप विजय मेडल आहे, २० वर्षांचं लाँग सर्व्हिस आहे, पण स्टार नाही, आणि आर्मी कमांडरचं कमेंडेशन कार्ड, म्हणजे चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र, घरात ट्रंकेत असूनसुद्धा त्याचा कुठं उल्लेख नाही. तुम्ही म्हणताय की डिस्चार्ज बुक दुरुस्त करून द्या असे अर्ज केले आणि काही झालं नाही.

मी फौजेत क्लार्क होतो, निम्मी नोकरी युनिटच्या ऑफिसात पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोकरीतल्या प्रत्येक बदलाची युनिटनं काढलेली लेखी नोंद) टाइप करण्यात गेली, त्यामुळे ही गोष्ट आतून माहितीये. डिस्चार्ज बुक हे मूळ रेकॉर्ड नाहीच. ती शीट रोलची, म्हणजे जवानाच्या सगळ्या नोकरीच्या नोंदपत्रकाची नक्कल, घरी जाताना हातात दिलेली. मूळ म्हणजे शीट रोल, आणि शीट रोलमध्ये कुणी मनानं एक ओळ लिहू शकत नाही, रेकॉर्ड ऑफिसचा मोठा साहेबसुद्धा नाही. प्रत्येक नोंदीपुढं पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि वर्ष लिहिलेलं असतं, त्याच्यापुढं सही. लग्न झालं, मुलगा झाला, कोर्स केला, फील्डमध्ये गेला, फील्डमधून आला, मेडल मिळालं, सगळ्याला आधी युनिटनं पार्ट टू ऑर्डर काढायची, ती रेकॉर्डला जायची, मग शीट रोलवर चढायची. ऑर्डरच निघाली नसेल तर रेकॉर्डच्या क्लार्कसमोर जे कागद आहेत त्याच्यात खरंच काही नाही, तो "नोंद नाही" म्हणतो ते खोटं नसतं.

आता तुमच्या वडिलांच्या केसमध्ये काय झालं असणार ते बघा, मी अंदाजच बांधतोय पण तुम्ही लिहिलंय त्यावरून दुसरं काही दिसत नाही. ऑप विजयची दोन वेगळी मेडलं आहेत. स्टार मिळतो प्रत्यक्ष लढाईच्या ठरवून दिलेल्या इलाख्यात, म्हणजे द्रास, कारगिल, बटालिक असल्या ठिकाणी जे होते त्यांना. आणि मेडल मिळतं त्या ऑपरेशनसाठी हललेल्या बाकीच्या मोठ्या फौजेला. मेडलांचा क्लेम युनिटवार नॉमिनल रोल (नावांची यादी) करून जातो. वडिलांच्या रेजिमेंटनं आपला रोल केला, रेजिमेंट पंजाबात होती म्हणून सगळ्यांना मेडल, त्यात वडिलांचं पण नाव. ज्या रेजिमेंटबरोबर ते द्रासला होते तिनं स्टारचा रोल केला तेव्हा आपल्या माणसांची नावं घातली, अटॅच आलेले ड्रायव्हर तोपर्यंत परत गेलेले. दोन्हीकडच्या हेड क्लार्कला वाटलं दुसरा टाकेल. ह्यात कुणाचा डाव वगैरे नसतो, पण अटॅचमेंटवाला माणूस असाच दोन युनिटांच्या मधल्या फटीत पडतो. ड्रायव्हर, सिग्नलचे ऑपरेटर, नर्सिंग असिस्टंट, कुक, ह्यांच्याच केसेस जास्त येतात, रायफल कंपनीतल्या माणसाची सहसा नाही.

म्हणून अर्ज "बुक दुरुस्त करा" असा नको. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी अमुक रेजिमेंटबरोबर द्रास सेक्टरमध्ये अटॅच होतो, त्याची पार्ट टू ऑर्डर निघालेली नाही, सोबतच्या पुराव्यावरून ती काढण्यात यावी आणि त्या आधारे स्टारचा क्लेम पुढं पाठवावा" असा हवा. ऑर्डर निघाली की शीट रोल आपोआप दुरुस्त होतो, आणि शीट रोल झाला की बुकात नोंद करून शिक्का मारून देतात. उलट्या बाजूनं सुरुवात केली की काहीच हलत नाही.

पहिलं काम मात्र अर्ज नाही, आरटीआय. दहा रुपयात काम. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे, तिथल्या माहिती अधिकाऱ्याकडं शीट रोलची साक्षांकित प्रत आणि मे १९९९ ते डिसेंबर १९९९ ह्या काळात वडिलांच्या नावानं निघालेल्या सगळ्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती मागा. अर्ज वडिलांच्याच नावानं आणि त्यांच्याच सहीनं करा, तुमच्या नावानं केला तर वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८(१)(जे) दाखवून नाकारतील आणि तुम्ही उगाच अपिलात बसाल. तीस दिवसात उत्तर यायला पाहिजे. आणि हावरटपणानं त्या रेजिमेंटची वॉर डायरी वगैरे मागू नका, ती सुरक्षेच्या कलमाखाली नाकारतात आणि बाकीचा अर्ज पण रेंगाळतो. वडील पेन्शनर आहेत हे बरं आहे, कारण पेन्शन नसलेल्यांचे शीट रोल पंचवीस वर्षांनी नष्ट करतात आणि मग हातात फक्त लाँग रोल नावाच्या कायम ठेवल्या जाणाऱ्या रजिस्टरमधली त्रोटक नोंद उरते.

शीट रोल आला की नीट वाचा. कधी कधी अटॅचमेंटची नोंद तिथं असते आणि फक्त मेडलची नसते, मग तर काम अर्ध्यावर आलं.

नसेल तर पुरावा. इथं लोक काय करतात, बर्फातला गाडीपुढचा फोटो लावतात आणि खाली दोन पानं भावनिक मजकूर. फोटोला किंमत नाही असं नाही, पण फोटोवरून तारीख आणि युनिट कळत नाही. सगळ्यात भारी पुरावा म्हणजे मूव्हमेंट ऑर्डर, ज्यावर कुठून निघाला, कुठं रिपोर्ट करायचं, कुठल्या तारखेला, सगळं असतं. वडिलांना विचारा, जुनी माणसं असले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवतात. ती नसेल तर पगाराकडं वळा, हे सहसा कुणाला सुचत नाही. फील्डमध्ये गेलं की फील्डचा अलाउन्स चालू होतो आणि परत आलं की बंद, जवानांचा हिशोब पीएओ म्हणजे पे अकाउंट्स ऑफिसकडं असतो आणि तिथून वेळोवेळी स्टेटमेंट यायचं. १९९९ च्या दुसऱ्या सहामाहीचं स्टेटमेंट घरात सापडलं आणि त्यात अलाउन्स चढलेला दिसला, तर पंजाबात बसलेल्या रेजिमेंटच्या माणसाला हा अलाउन्स कशाचा, ह्या प्रश्नाला त्यांना उत्तर द्यावं लागतं. बरं, अलाउन्स चढायला पण पार्ट टू ऑर्डर लागते, म्हणजे ऑर्डर कुठंतरी निघाली होती एवढं तरी सिद्ध होतं.

पत्रं असतील तर ती पण काढा. पण नुसतं "द्वारा ५६ एपीओ" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) म्हणजे पश्चिमेकडची सगळी फौज आली त्यात. पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का असतो त्यातला नंबर आणि तारीख बघा, आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात युनिट कुठलं लिहिलंय ते बघा. आईनं ती पत्रं ठेवली असतील तर ती वाचू नका बाबा, फक्त पाकिटं घ्या 😀 आजारी पडून किंवा जखमी होऊन दाखल झाले होते का? श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलची किंवा कुठल्याही फील्ड हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप असेल तर तारीख, जागा, युनिट सगळं एकाच कागदावर मिळतं. गाडीची कार डायरी मिळाली असती तर सोनंच, रोजचे किलोमीटर आणि कुठून कुठं ते सगळं त्यात, पण ती इतकी वर्षं कुणी ठेवत नाही.

कागद काहीच नसेल तर माणसं. बरोबर द्रासला असलेले दोन जण शोधा, त्यातला एक तरी त्या दुसऱ्या रेजिमेंटचा असावा आणि त्याला स्टार मिळालेला असावा. त्यांचं ॲफिडेव्हिट, त्यात त्यांचा आर्मी नंबर, रँक, युनिट, कुठल्या महिन्यात कुठं एकत्र होतो ते साध्या शब्दात. तेव्हाचा बॅटरी कमांडर (रेजिमेंटमधल्या एका तुकडीचा अधिकारी) सापडला तर त्याचं एक पानाचं सर्टिफिकेट दहा शेजाऱ्यांच्या ॲफिडेव्हिटपेक्षा जड. साहेब लोक असल्या कामाला सहसा नाही म्हणत नाहीत, फोन केला की ड्रायव्हरचं नाव पण आठवतं त्यांना. रेजिमेंटच्या माजी सैनिकांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, तिथं विचारा, सातारा-सांगलीकडं तर गल्लीत माणूस सापडेल.

कमेंडेशन कार्डाचं त्यामानानं सोपं आहे. कार्ड हाच पुरावा. पुढची-मागची दोन्ही बाजूंची झेरॉक्स साक्षांकित करून वेगळा अर्ज करा, स्टारच्या अर्जात मिसळू नका, नाहीतर सोपं काम अवघड कामाच्या फायलीत अडकून बसेल. कार्डावर नंबर, रँक, नाव शीट रोलशी जुळतंय का ते आधी बघा. नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी तिथंच गाडी थांबते.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा आणि एक प्रत थेट स्पीड पोस्टानं. कल्याण कार्यालयाचं पत्र लागलं की त्याला आवक नंबर पडतो, आणि मग विचारपूस करताना तो नंबर सांगता येतो. अर्ज एक पानाचा. वर आर्मी नंबर, रँक, नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर. वडिलांनी देशासाठी काय सोसलं, बर्फात किती रात्री काढल्या, लाइट बंद ठेवून शेलिंगखाली गाडी कशी चालवली, हे सगळं खरं असलं तरी अर्जात नको, तो वाचणारा पण फौजीच आहे, त्याला तारीख आणि युनिट पाहिजे. ऑर्डर निघाली की पुढं मेडलचा क्लेम सेना मुख्यालयाकडं जातो आणि त्याला वेळ लागतो, तिथं धीर धरावा लागेल.

पैशाचं पण स्पष्ट सांगतो कारण ह्या विषयावर चुकीचं फार ऐकायला मिळतं. स्टारला किंवा आर्मी कमांडरच्या कमेंडेशन कार्डाला महिन्याचे पैसे नाहीत. महिन्याचा भत्ता शौर्य पदकांना, परमवीर चक्रापासून सेना मेडलपर्यंत, आणि सेना मेडलमध्ये पण फक्त शौर्यासाठी मिळालेल्याला. २०१७ ला ते दर वाढवून सेना मेडलचा दोन हजार केला होता. त्यामुळे कुणी एजंट "स्टार चढवून पेन्शन वाढवून देतो" म्हणाला तर त्याला चहा पण पाजू नका.

एकाच ठिकाणी हे पैशाशी जोडलेलं आहे. वडील तिथं जखमी झाले होते आणि ती इजा आज त्रास देतीये असं असेल, तर ती ऑपरेशनमधली इजा म्हणून नोंदली होती की साधा अपघात म्हणून, ह्यावर सगळं अवलंबून. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात ह्याचे ए ते ई असे वर्ग आहेत, ऑपरेशनमधली इजा ई मध्ये येते आणि तिचा दर वेगळा. तसं असेल तर ती केस स्वतंत्र लढवा, आणि तिथं गरज पडली तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल म्हणजे फौजी लोकांच्या खास न्यायाधिकरणापर्यंत जायला हरकत नाही, मुंबईत बेंच आहे. अंतिम नकार आल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून नकाराचं पत्र पाकिटासकट जपून ठेवा. नुसत्या स्टारसाठी ट्रिब्युनलला जावं असं मला वाटत नाही, वकिलाची फी आणि वडिलांचं वय बघता. त्याआधी रेकॉर्ड ऑफिसच्या वर सेना मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल ब्रँचला एक अर्ज करून बघा.

आणि हो, तुम्ही विचारलंय की तोपर्यंत कॅन्टीनजवळच्या दुकानातून स्टार घेऊन कोटाला लावला तर चालेल का. नको. सरकारी मेडलवर माणसाचा नंबर, रँक, नाव कोरलेलं येतं, दुकानातलं कोरं असतं आणि फौजी माणूस पहिलं तेच उलटून बघतो. २६ जुलैच्या कारगिल विजय दिवसाच्या कार्यक्रमात कुणी तसं केलं तर वडिलांनाच ओशाळवाणं होईल.

शीट रोल हातात आला की १९९९ च्या ओळी इथं टाका, नाव-नंबर झाकून, मग अर्जाचा मजकूर कसा करायचा ते बघू.