बेसिल आणि मिरचीची रोपं एलईडीखाली लांबुडकी का होतात

तुम्ही विचारलंय: ठाण्यात घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, समोर टॉवर उभा राहिल्याने बाल्कनीत ऊन नाही, नऊ वॅटचा गुलाबी बल्ब दोन फुटांवर आणि तो चोवीस तास चालू. तरीही बेसिल आणि मिरचीची रोपं लांबुडकी होऊन मान टाकताहेत, असं का? तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: उजेड कमी पडतोय, आणि तास वाढवून ती उणीव भरून निघत नाही.

आधी गुलाबी बल्ब काढा. झाडं त्याखाली वाढतात, पण पानं काळपट दिसतात, त्यामुळे पिवळेपणा आणि फुलकिडे वेळेवर लक्षातच येत नाहीत. पांढरा, ४००० केल्विनचा (हा उजेडाच्या रंगछटेचा आकडा) एलईडी घ्या. खोक्यावरच्या ‘१००० वॅट’वर जाऊ नका, प्रत्यक्ष किती वॅट ओढतो ते विचारा. चार फूट लांब, एक फूट रुंद फळीवर कोवळ्या रोपांसाठी २० वॅटच्या दोन साध्या एलईडी पट्ट्या पुरतात. वाढलेल्या बेसिलला चार लागतात.

आता अंतर. मोबाइलमध्ये लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं अ‍ॅप टाका आणि सेन्सर वर करून फोन शेंड्याच्या उंचीला आडवा धरा. कोवळ्या रोपांना ७ ते १० हजार लक्स, बेसिलला साधारण १४ हजार, फळावर आलेल्या मिरचीला २८ हजारांच्या आसपास हवं. फोनचा आकडा अंदाजाचाच असतो, पण फळीचा मध्य आणि कडा यांतला फरक तो बरोबर दाखवतो. कडेच्या कुंड्या आठवड्यातून दोनदा मध्ये सरकवा, मागे आणि बाजूंना पांढरा थर्माकोल लावा. पट्ट्या शेंड्यापासून १५ ते २० सेंटीमीटरवर ठेवा आणि रोप वाढेल तशा वर घ्या.

दोन पानांमधलं कांडं लांबतंय म्हणजे उजेड कमी. फक्त वरची पानं फिकट पडून कडा वर वळताहेत म्हणजे दिवा फार जवळ आलाय. खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर दिव्याला हात लावू नका, आधी खत आणि पाणी बघा.

दिवा कोवळ्या रोपांना १४ तास, वाढलेल्या बेसिलला १६. रात्रीचा अंधार द्याच. कोथिंबीर मात्र वेगळ्या फळीवर, १२ तासांवर ठेवा. लांब दिवस मिळाला की ती तुऱ्यावर येते, आणि आपल्याकडच्या उकाड्यात तर फारच लवकर. टायमर बॅटरी बॅकअपवाला डिजिटल घ्या, साधा चकतीचा वीज गेली की तेवढा मागे पडतो. ४० वॅट १४ तास चालले तर महिन्याला साधारण १७ युनिट.

पावसाळ्यात ठाण्याची हवा इतकी दमट असते की दिव्यापेक्षा रोपमरच जास्त रोपं नेते: देठ मातीलगत कुजतो आणि रोप आडवं पडतं. छोटा पंखा पानं जेमतेम हलतील इतकाच लावा. कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नको, आणि तेही ताटलीतून खालून द्या. वायर प्लगच्या खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

लांबलेली मिरचीची रोपं टाकू नका. पहिल्या पानांपर्यंत खोल लावा, चार पट्ट्यांखाली ठेवा. जुनं कांडं आखूड होणार नाही. पुढचं कांडं किती लांब येतंय, त्यावर लक्ष ठेवा.