पाटल्या गहाण ठेवण्याआधी शाळांच्या सुट्ट्या बघा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत नऊ वर्षं संगीत शिकवते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद आहे. एक संस्था संगीत शिक्षकांना जुलैत १२ दिवस बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि साल्झबर्गला नेणार आहे. तिथल्या शाळांत मुलांना संगीत शिकवण्याच्या कोदाय आणि ऑर्फ या पद्धती पाहायला मिळतील, असं सांगतात. खर्च साडेतीन लाख. पाटल्या गहाण ठेवायची तयारी आहे. नोकरीत याचा उपयोग होईल का?

उत्तर : ताई, पाटल्या अजून काढू नका. तुमच्या जाण्याला माझा विरोध नाही, जुलै महिन्याला आहे. हंगेरीतल्या शाळा जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, ऑस्ट्रियातल्याही जुलैत सुट्टीवर जातात. म्हणजे तुम्ही ज्यासाठी निघालात ती गाणारी मुलंच भेटणार नाहीत. आपली शाळा मात्र तेव्हा सुरू असणार, रजा वेगळी काढावी लागणार. याउलट एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सुट्टी असते, तेव्हा ईस्टरचे दिवस सोडले तर तिथले वर्ग भरलेले असतात. आयोजकांकडून लेखी घ्या : मुलांच्या वर्गात किती तास बसायला मिळेल, कोणत्या इयत्तेच्या, आणि भाषा समजावून सांगायला कोण असेल.

जुलैतच जमणार असेल, तर सहल सोडा आणि शिक्षकांसाठीचा उन्हाळी वर्ग शोधा. हंगेरीतल्या केचकेमेटला १९७५ पासून कोदाय संस्था आहे, साल्झबर्गच्या मोझार्टेउम या संगीत विद्यापीठात १९६१ पासून ऑर्फ संस्था आहे. दोघींकडे थेट चौकशी करा. तिथे तुम्ही स्वतः गाल, चुकाल, सुधाराल. बारा दिवस बसमधून फिरण्यापेक्षा एक आठवडा असा गेला, तर तो वर्गात उतरतो.

हे शिकणं तुम्हाला परकं वाटणार नाही, याची मला खात्री आहे. कोदाय पद्धतीत 'दो' हलता असतो, आपल्या षड्जासारखा. मुलांना सहसा पहिली जोडी देतात ती 'सो-मी', म्हणजे आपले प आणि ग. मग येतो ध. प्रत्येक स्वराला हाताची खूण असते, ती मुळात इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांची. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या झायलोफोनच्या पट्ट्या सुट्या निघतात. म आणि नी काढून ठेवले की उरतो तो भूप. मूल कुठेही मारो, बेसूर वाटत नाही. मात्र मींड, श्रुती, रागाची चाल या पद्धतींत शोधू नका. त्यासाठी तुमचा तानपुराच हवा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय १९०५ पासून खेड्यांत फिरून लोकगीतं गोळा करत होते. मुलाची संगीतातली पहिली भाषा त्याच्या मातृभाषेतल्या लोकगीतांची असावी, हा त्यांचा आग्रह. आपल्या भागात तर दोन भाषांचं धन आहे. एका घरात मराठी जात्यावरची ओवी, तर शेजारच्या घरात कानडी बीसुकल्लिन पद, म्हणजे तेही जात्यावरचंच गाणं. दळणही तेच, जातंही तेच. ही गाणी तुमच्याजवळ जमलेली असतील, तर तिकडच्या शिक्षकांसमोर तुम्ही रिकाम्या हातांनी जाणार नाही.

आता नोकरीचं. सहलीच्या प्रमाणपत्राला पदवी-पदविकेचं मोल नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेत त्याच्या जोरावर पगार वाढेल असं धरून चालू नका. बढती किंवा मोठ्या शाळेतली जागा हवी असेल, तर आधी विशारदच्या पुढची अलंकार परीक्षा पूर्ण करा, किंवा धारवाडला संगीताच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चौकशी करा. साडेतीन लाखांतले थोडे पैसे तिथे लावलेत, तर मला बरं वाटेल. या पद्धतींची खरी मागणी असते ती मोठ्या शहरांतल्या खासगी आंतरराष्ट्रीय शाळांत. तिकडे जायचा विचार आहे का, हे घरी बोलून ठरवा.

जायचं ठरलं, तर पासपोर्ट आधी तपासा. या देशांसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो, तो खर्चात धरला आहे का ते विचारा.

तोवर एक करा. तिसरीच्या मुलांना आजीकडून एकेक ओवी किंवा पद ऐकून यायला सांगा. जी गाणी प, ग, ध या तीन स्वरांत बसतील ती वेगळी काढा आणि हाताच्या खुणांसह महिनाभर घ्या. काय झालं ते मला नक्की कळवा, मुलांच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही पाठवा.