गाडी जयपूरला, नाव नाशिकलाच

वडिलांची 1954ची जॅग्वार मार्क सेव्हन, अक्रोडी लाकडाच्या डॅशबोर्डसकट जपलेली. नाशिकच्या एका वाचकांनी ती 11 महिन्यांपूर्वी एजंटामार्फत जयपूरच्या संग्राहकाला विकली. नाव बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर तारीख न घालता सह्या दिल्या. 3 लाख रुपये नाव बदलल्यावर मिळायचे होते. आता तो संग्राहक फोन उचलत नाही. ते विचारतात, फसवणुकीची केस टाकू का?

अशी पत्रं वरचेवर येतात, बहुतेक अल्टो नाहीतर बुलेटची. 3 लाखांचं नंतर पाहू. आरसीवर आज कोणाचं नाव आहे? तुमचं. मग अपघाताची भरपाईही तुमच्याच दारात येईल. विक्री कायद्यानुसार, तुम्हा दोघांपुरती, गाडी कदाचित त्याची झालीही असेल. पण मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे नोंदणी ज्याच्या नावे, तो मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली हेच सांगितलं. त्यातली गाडी तर पुढे अनेक हात फिरली होती, तरी जबाबदारी पहिल्याच माणसावर आली.

कलम 50 प्रमाणे गाडी परराज्यात विकली की विकणाऱ्याने 45 दिवसांत आरटीओला एनओसीसह (ना हरकत प्रमाणपत्र) कळवायचं असतं. विंटेज गाडीला 90 दिवस मिळतात असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं. ते 2021च्या नियमांखाली नोंद होऊन व्हीए मालिकेचा क्रमांक मिळालेल्या गाड्यांसाठी. तुमच्या गाडीला जुनाच नंबर आहे. आणि 90 धरले तरी 11 महिने कुठल्या हिशेबात बसतात? विलंबाचा दंड किरकोळ असतो, पण तेवढे दिवस गाडी तुमच्या नावावर रस्त्यावर फिरते.

विम्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. गाडी गेली म्हणून हप्ता थांबवला असेल, तर आजच थर्ड पार्टी पॉलिसी घ्या.

एनओसीच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म 28 वर, तुम्ही सही दिलेली नाही, हे नशीब. त्याशिवाय एनओसी नाही, आणि एनओसीशिवाय त्याला राजस्थानात नाव लावून घेणं अवघड. मात्र फॉर्मवर चेसिस क्रमांकाचा पेन्सिलीने घेतलेला छाप लागतो आणि चेसिस जयपूरला. म्हणजे अडलेले दोघेही आहात. स्पीड पोस्टाने नोटीस द्या: 15 दिवसांत छाप पाठवा, 3 लाख भरा, सही घ्या. विक्रीचं लेखी कळवणं, डिलिव्हरी पावतीची प्रत जोडून, आरटीओत आजच द्या आणि पोच घ्या. त्याने तुम्ही पूर्ण सुटाल असं मी म्हणणार नाही.

फसवणुकीचं म्हणाल, तर नुसते पैसे थकले म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागत नाही. सुरुवातीपासून लबाडी होती हे दाखवावं लागतं. दिवाणी दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते, पण नेमकी कधीपासून, ते करार वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. शिवाय दावा निकाली निघेपर्यंत तुमची विंटेज गाडी आणखी विंटेज होईल. आधी नोटीस पाठवा, आणि कराराची झेरॉक्स मला.