कळव्यात लोकांचं राजकीय भान आणि बातम्यांच्या सवयी यांचं सर्वेक्षण करायचं आहे. गूगल फॉर्म फिरवला तर चालेल का? लोक खरं सांगतात का?

तुम्ही लिहिलंय की तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी कळव्यातल्या शंभर-एक घरांचं सर्वेक्षण करायचं आहे, आणि व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवून ते उरकेल का, अशी शंका आहे. मी कोपरखैरण्यात राहते. 2024 च्या पावसाळ्यात आमच्या वाचनगटातल्या सहा जणींनी असंच एक सर्वेक्षण केलं होतं: माथाडी वसाहत, गावठाण आणि सेक्टरमधल्या सोसायट्या. पुढचं सगळं त्या दोन महिन्यांच्या जिने चढण्या-उतरण्यातून आलेलं आहे.

लोक मुद्दाम खोटं सांगत नाहीत. पण आपण प्रश्न असा विचारतो की खरं उत्तर द्यायला जागाच उरत नाही.

आमच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, ‘तुमच्या प्रभागाचे नगरसेवक कोण?’ बहुतेकांनी नाव सांगितलं, आम्ही बरोबरची खूण केली. काहींनी ‘माहीत नाही’ म्हटलं, आम्ही फुली मारली. तिसऱ्या दिवशी घणसोलीतले एक रिक्षावाले काका म्हणाले, ‘‘ताई, नगरसेवक आहेत कुठे आता? चार वर्षं झाली, आयुक्तच बघतात सगळं.’’ त्यांचं बरोबर होतं. नवी मुंबई महापालिकेची निवडणूक एप्रिल 2015 मध्ये झाली होती, मुदत मे 2020 मध्ये संपली होती आणि तेव्हापासून प्रशासक होता. म्हणजे ज्यांच्यापुढे आम्ही बरोबरची खूण केली ते माजी नगरसेवकाचं नाव सांगत होते, आणि ज्याला खरी परिस्थिती ठाऊक होती त्याच्या उत्तराला फॉर्मवर चौकटच नव्हती. त्या प्रश्नाची तोवरची सगळी उत्तरं आम्ही बाद केली. मला ते आजही लागतं, कारण आम्ही लोकांची परीक्षा घ्यायला निघालो होतो आणि उत्तरपत्रिका आमचीच चुकलेली होती.

तुमच्याकडे आता 15 जानेवारी 2026 च्या मतदानानंतर नगरसेवक आहेत, पण ठाण्यात बहुसदस्यीय प्रभागपद्धत असल्याने एका प्रभागातून एकापेक्षा जास्त निवडून येतात. एकच नाव विचारू नका. खासदाराबाबत तर कळव्यात हमखास घोळ होईल. कळवा ठाणे महापालिकेत आहे, विधानसभेला कळवा-मुंब्रा, पण लोकसभेला कल्याण. शेजारचं ऐरोली नवी मुंबई महापालिकेत असून लोकसभेला ठाणे. खारघर स्वतःला नवी मुंबई म्हणवतं, पण महापालिका पनवेलची, जिल्हा रायगड आणि लोकसभा मावळ. अशा ठिकाणी कुणी चुकीचं नाव सांगितलं तर त्यावरून तो माणूस राजकारणाबद्दल उदासीन आहे असं धरणं मला अन्यायाचं वाटतं. हद्दीच तशा आखलेल्या आहेत.

मग भान मोजायचं कसं? माथाडी वसाहतीत एक काकू दारात बसून मेथी निवडत होत्या. ‘‘मला राजकारणातलं काही कळत नाही गं, हे आल्यावर या,’’ म्हणाल्या. मी निघता निघता सहज विचारलं, ‘‘पाणी कमी आलं तर कुणाकडे जाता?’’ त्यांनी मेथीचं ताट बाजूला सरकवलं. विभाग कार्यालयात कोणत्या टेबलावर अर्ज द्यायचा, साहेब कोणत्या वारी भेटतात, पाच बायका मिळून गेल्या तर आत घेतात आणि एकटीला बाहेर बसवतात, सगळं सांगितलं. मग आत जाऊन रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून अर्जाची पोच घेऊन आल्या, गोल शिक्क्याची, घडीवर फाटत आलेली. ‘‘पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही,’’ म्हणाल्या. ज्यांना काही कळत नाही असं त्यांचं स्वतःचंच मत होतं, त्यांना सत्ता कुठे बसते आणि तिच्याकडून काम कसं काढायचं हे आमच्या गटातल्या पदवीधर बायकांपेक्षा नेमकं ठाऊक होतं.

गावठाणातही तेच. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना मंत्र्यांची नावं विचारलीत तर अडखळतील, पण घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडाची गोष्ट काढा, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जमीन घेतल्यापासून आंदोलक शेतकऱ्यांवरच्या 1984 च्या जासईच्या गोळीबारापर्यंत आणि त्यांचे नेते दि. बा. पाटलांपर्यंत सगळं ओळीने सांगतील. म्हणून फॉर्मवरून ‘राजकीय जागरूकता’ हा शब्दच काढून टाका. नावांचे प्रश्न दोन-तीनच ठेवा आणि बाकी असे विचारा: गटार तुंबलं तर कुणाकडे जाल? शाळेचा दाखला अडला तर? मागच्या वर्षभरात एखाद्या कामासाठी अर्ज, फोन, मोर्चा असं काही केलंत का? कळव्यासाठी प्रभाग समिती कार्यालय, आमदाराचं कार्यालय, पक्षाची शाखा, सोसायटीचा सेक्रेटरी असे पर्याय द्या आणि ‘कुणाकडेच नाही’ हाही ठेवा.

बातम्यांच्या सवयी पकडण्याची सगळ्यात चांगली युक्ती आम्हाला अपघाताने सापडली. आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये फिरत होतो. हातात कागद दिसले की बायका आधी विचारायच्या, ‘‘लाडक्या बहिणीचा फॉर्म का?’’ पहिले काही दिवस ‘नाही हो’ म्हणून पुढे जायचो. मग लक्षात आलं की बातमी कशी फिरते हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला धागा मिळणार नाही. आम्ही विचारायला लागलो, ‘‘तुम्हाला हे पहिल्यांदा कुणाकडून कळलं?’’ वयाची अट 60 वरून 65 झाली, मुदत 15 जुलैऐवजी 31 ऑगस्ट झाली, हे सगळं ‘मी बातम्या बघत नाही’ म्हणणाऱ्या बायकांना अचूक माहीत होतं. कुणाला अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं होतं, कुणाला नळावर कळलं, कुणाला भिशीच्या ग्रुपवर, कुणाला मुलाने यूट्यूबवर दाखवलं. त्यांच्या लेखी ‘बातम्या’ म्हणजे संध्याकाळी टीव्हीवर माणसं भांडतात ते. ग्रुपवर आलेलं त्या बातमीत धरतच नव्हत्या.

तेव्हा तुम्हीही गेल्या महिन्यातली कळव्यातल्या प्रत्येकाला भिडलेली एक गोष्ट निवडा, पाणीकपात, लोकलचा मेगाब्लॉक, काहीही, आणि तिचा माग काढा. कुणाकडून कळलं, मग खात्री करायला कुठे पाहिलंत, पुढे कुणाला सांगितलंत. हे तीन प्रश्न तुमच्या ‘कोणतं वृत्तपत्र वाचता?’ या अख्ख्या रकान्यापेक्षा जास्त देतील.

तो रकाना ठेवायचाच असेल तर ‘रोज वाचता का?’ असं विचारू नका. ‘काल वाचलात का?’ असं विचारा. आमच्या सेक्टरमधले एक निवृत्त आजोबा ठामपणे म्हणाले, ‘‘मी रोज पेपर वाचतो.’’ टीपॉयवर चार दिवसांचे अंक घडी न मोडता पडले होते. ‘काल’ विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, मोतीबिंदूमुळे आता अक्षर लागत नाही, नात मोबाइलवर लावून देते ते ऐकतो, पण पेपर बंद करवत नाही. चाळीस वर्षं पेपर वाचणाऱ्या माणसाने स्वतःला वाचणाराच म्हणावं, यात खोटेपणा कुठे आहे?

मतदानाचंही असंच. 20 मे 2024 ला ठाणे लोकसभा मतदारसंघात साधारण 52 टक्के मतदान झालं. दारात उभं राहून ‘मतदान केलंत का?’ विचारलं तर मात्र जवळपास प्रत्येक जण हो म्हणाला. नंतर प्रश्न बदलला: ‘‘त्या दिवशी पुष्कळांना जमलं नाही, कुणाचं यादीत नाव नव्हतं, कुणी गावी होतं. तुमचं कसं झालं?’’ मग लोक मोकळेपणाने सांगू लागले. माथाडी वसाहतीत बऱ्याच जणांचं नाव अजून साताऱ्याकडच्या गावच्या यादीत आहे, हे तेव्हाच कळलं. मत कुणाला दिलं हे विचारूच नका. प्रकल्पासाठी अगदी लागलंच तर लोकनीतीसारख्या निवडणूक-सर्वेक्षण करणाऱ्या संस्था करतात तसं करा: खोटी मतपत्रिका द्या, घडी करून पेटीत टाकू द्या, तुम्ही बघू नका.

आता गूगल फॉर्म. तो भरतील ते ग्रुपवर आधीच राजकारणावर बोलणारे, स्मार्टफोन सफाईने हाताळणारे, बहुधा पुरुष. अमेरिकेत 1936 साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतले, म्हणजे तेव्हाच्या सधन लोकांचे. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली, त्यावरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. व्हॉट्सॲपवरचा फॉर्म म्हणजे तीच चूक. तुमचे शंभर लोक नीट निवडलेले असले तरी आकड्यात दहा टक्क्यांची कमीजास्त धरावीच लागते. 60 टक्के निघाले तर खरा आकडा 50 ते 70 मध्ये कुठेही असू शकतो. पाच टक्क्यांवर आणायचं तर 384 हवेत. एकट्याने ते होणार नाही, शंभरच करा, पण अहवालात हे स्पष्ट लिहा.

निवड अशी करा: चाळ, झोपडपट्टी, जुनी सोसायटी, नवा टॉवर यांतून गल्ल्या ठरवा, मग दर सातवं घर. बंद असेल तर पुन्हा जा, शेजारचं दार वाजवू नका. घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला त्याच्याशी बोला. नाहीतर प्रत्येक घरात कर्ता पुरुषच पुढे येईल आणि मेथी निवडणाऱ्या काकू तुमच्या आकड्यांत कधीच दिसणार नाहीत. रविवारी दहा ते एक बरं, इतर दिवशी संध्याकाळी साडेसातनंतर. दुपारी फक्त ज्येष्ठ आणि गृहिणी भेटतात.

कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र गळ्यात ठेवा, सोसायटीत सेक्रेटरींना आदल्या दिवशी भेटा. ‘कोणत्या पक्षाकडून आलात?’ हे प्रत्येक दारात ऐकाल, दर वेळी शांतपणे उत्तर द्या. नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेऊ नका, फॉर्मवर फक्त अनुक्रमांक. उत्पन्न आणि जात शेवटी, सांगायचं नसेल तर सोडून द्या. आधी दहा घरांत फॉर्म तपासून बघा. आम्ही तो तपासला असता तर ते रिक्षावाले काका पहिल्याच दिवशी भेटले असते.

आकडे हातात आले की एका पानावर मराठीत लिहून त्या गल्ल्यांत लावा. आम्ही वसाहतीच्या फलकावर लावलं होतं. त्या काकू चष्मा लावून पूर्ण वाचत उभ्या राहिल्या, आणि पाण्याच्या तक्रारीचा आकडा बघून म्हणाल्या, ‘‘याची एक झेरॉक्स दे, पुढच्या अर्जाला जोडते.’’