रिकामी पिशवी

"रिटायर झाल्यावर फिरू, फिरू म्हणत आयुष्य गेलं मॅडम. आता वेळच वेळ आहे, तर बाहेर पडावंसंच वाटत नाही." नागपुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याने 'रिटायर' म्हणताच पुढचं आपोआप ऐकू येतं. कधी नवरा म्हणतो, बहुतेकदा त्याची बायको. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. पेन्शन येते, गुडघे बरे आहेत, तरी माणूस सोफ्यावर. त्यातल्या एकांची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय, ओळख पटेल ते बदललंय. नुसतं काका म्हणू.

काका सरकारी खात्यात लेखापाल होते. 58 व्या वर्षी निवृत्त झाले, काकू त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या तेव्हा साठी गाठली होती. झोप, भूक, रडू, जगण्याचा कंटाळा हे सगळं मी आधी विचारून घेतलं. तिथे गडबड असेल तर फिरणं-बिरणं नंतर, आधी डॉक्टर. तसं काही नव्हतं. मग मी नवशिक्याने करावी ती चूक केली, जागांची यादी दिली. अंबाझरी, फुटाळा, महाराजबाग, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा. पुढच्या भेटीला काका पाचही नावांपुढे बरोबरची खूण करून आले, जाण्यायेण्याच्या वेळांसकट.

"कसं वाटलं?"

"पाहून झालं."

ऑडिटच करून आले होते म्हणायचं.

तिसऱ्या भेटीत माझं लक्ष त्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडे गेलं. कापडी, चौघडी घातलेली, कडा नीट जुळवलेल्या. आधीच्या दोन्ही वेळी ती होतीच, मला दिसली नव्हती.

"जाताना बाजार करायचाय का काका?"

"नाही."

"मग पिशवी?"

बराच वेळ ते पिशवीची घडी उलगडत आणि पुन्हा घालत राहिले. मग म्हणाले, "हातात पिशवी असली की कोणी विचारत नाही. कामाला चालला, असं वाटते लोकांना. तसाच हात हलवत गेलो, तर विचारतील नं, काय करून राहिले इथं? काय सांगू? रिकामटेकडा म्हणतील."

"फुटाळ्यालाही नेली होती," काकू हळूच म्हणाल्या.

ती घडीची पिशवी मला जे सांगून गेली, ते यादी देताना मला सुचलं नव्हतं. हा माणूस जन्मभर घराबाहेर पडला तो ऑफिस, बँक, दवाखाना, भाजी, लग्नकार्य यांसाठी. काम हा बाहेर पडायचा परवाना. निवृत्तीबरोबर परवाना संपला आणि मनाच्या दारावर त्यांचाच जुना साहेब उभा राहिला, कुठे निघालात म्हणून हटकणारा. घरचे त्याला आळस म्हणतात. मी तरी तसं म्हणणार नाही.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते. माणसाच्या दुःखामागे एखादं हट्टी वाक्य असतं आणि त्या वाक्यात एक 'च' असतो, तो पकडायचा. काकांचं वाक्य होतं, 'बाहेर पडायला कारण असलंच पाहिजे.' वाक्य सापडलं तरी नुसतं पटवून ते जात नाही, अंगावर घेऊन पाहावं लागतं. एलिस 19 वर्षांचा असताना बायकांशी बोलायला घाबरायचा. त्याने न्यू यॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर बाकांवर बसलेल्या शंभरेक स्त्रियांशी बोलणं काढलं. भेटायला कबूल झालेली एकटीही आली नाही, पण भीती गेली. काकांना हा किस्सा सांगितला तेव्हा काकूच जास्त हसल्या.

काकांना बाक तेवढा दिला. रविवारी सकाळी सेमिनरी हिल्स, पिशवी घरी, एकाच बाकावर अर्धा तास. "आणि कोणी विचारलंच, तर सांगायचं, रिकामटेकडा आहे, म्हणून टेकडीवर आलो." काका पहिल्यांदा हसले.

एप्रिल होता. ते सांगतात, पहिली दहा मिनिटं हात कुठे ठेवावेत तेच कळेना. आणि ज्याची धास्ती होती, तो प्रश्न आलाच. टोपी घातलेले एक गृहस्थ थांबले, "काय करून राहिले?" काकांनी ठरलेलं उत्तर दिलं. गृहस्थ खो खो हसले, शेजारी बसले आणि समोरच्या झाडाकडे बोट करून म्हणाले, "मग हे पाहा."

राखी धनेश पक्ष्याची ढोली होती. मादी आत शिरून दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि पिल्लांसाठी आतच राहते. बाहेरून नर खाणं आणतो, गळ्यातून एकेक फळ वर काढत फटीतून भरवतो. काका पाऊण तास बसले. चार फेऱ्या मोजल्या. लेखापालच तो, पुढच्या आठवड्यात वहीत तारीखवार नोंदी. मला दाखवताना आवाज बदललेला होता. काकू म्हणाल्या, "बघा, तो बाजार करतो, पण पिशवी नाही त्याच्याकडे."

इथे थोडं तुमच्याशी बोलते, कारण हे वाचणाऱ्यांत बरेच काका-काकू असतील. मन झालं की जाऊ, असं म्हणून बसू नका. पाय आधी जातात, मन मागून चालत येतं, तेही दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. दहा जागा एकदा पाहण्यापेक्षा एक जागा दहादा पाहा. फाल्गुनातला पळस आणि पावसातला तोच पळस ही दोन वेगळी झाडं वाटतात. आमच्याकडच्या मे महिन्यात सकाळी आठच्या आत घरी या. आणखी एक, जे चारचौघांत कोणी बोलत नाही: अनेकजण लघवीच्या धाकाने बाहेर पडत नाहीत. पहिल्या फेरीत स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवा, निम्मा धाक तिथेच उतरतो. पाणी पिणं मात्र कमी करू नका.

पैशांचं म्हणाल, तर एसटीत 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, 75 नंतर मोफत आणि मार्च 2023 पासून बायकांना कोणत्याही वयात निम्मं. काका-काकू रामटेकला गेले तेव्हा काकूंचं अर्धं, काकांचं पूर्ण. ही नोंदही वहीत आहे.

खरी परीक्षा पुढे होती. काकांचं लहानपण जुन्या नागपुरातल्या इतवारीतलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडा-पिडा घालवायचे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. सोबत बडगे, म्हणजे महागाई, भ्रष्टाचार, ज्याचा लोकांना राग असेल त्याचे पुतळे. लहान असताना वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेलं. नोकरी लागल्यापासून एकदाही नाही. "या वयात गर्दीत ओरडायला जाऊ?"

मी म्हटलं, ओरडू नका, कडेला उभे राहा. सकाळी लवकर जा, परत निघायची गल्ली आधी पाहून ठेवा, मोबाइल आतल्या खिशात. गर्दीच्या सणाला मी ज्येष्ठांना एवढंच सांगते, मग ती पुण्यातली पालखी असो की गिरगावातली पाडव्याची शोभायात्रा.

सातव्या, शेवटच्या भेटीला काका आले ते घसा बसलेला घेऊन. दोन्ही मारबती समोरासमोर आल्या आणि 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' सुरू झालं, तसे तेही ओरडले.

"काय ओरडलात?"

खरखरीत आवाजात म्हणाले, "माझी पिशवी घेऊन जा गे मारबत."

संध्याकाळी नातू लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे-खाऊ, मागायला निघाला, तेव्हा काका त्याच्यामागे चार गल्ल्या फिरले. कोणी विचारलं तर नातवाचं कारण सांगायची सोय होती. पण कोणी विचारलं नाही आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, असं काकू सांगत होत्या.

मध्ये काकूंचा फोन आला होता, तक्रारीचा. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात.) "सांभार आणायला पाठवलं तर आले तीन तासांनी, कुठे कुठे फिरून. सांभार शर्टाच्या खिशात. पिशवी नेतच नाहीत हो आता."