डार्करूममध्ये केलेले फोटोंचे प्रिंट वाळल्यावर सुरळीसारखे वळतात. ते सपाट कसे करावेत?

आधी एक सांगतो: सुरळी उलट्या बाजूने गुंडाळून सरळ करायला जाऊ नका. मी पूर्वी तेच केलं आणि बहिणीच्या लग्नातल्या प्रिंटवर ऐन नवरीच्या गालावरून चीर गेली. कागदावरचा चित्र धरून ठेवणारा थर जिलेटिनचा असतो, आणि वाळलेलं जिलेटिन तडकलं की तडकलं.

तुम्ही म्हणताय, फायबर कागदावरचे (म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेल्या फोटोच्या कागदावरचे) आठ बाय दहाचे प्रिंट रात्री दोरीला चिमट्याने टांगले आणि सकाळी पापडासारखे वळले. वळणारच. वाळताना जिलेटिन कागदापेक्षा जास्त आकसतं आणि कागदाला आपल्याकडे ओढतं, म्हणून चित्राची बाजू कायम आत जाते. आर.सी. (रेझिन-कोटेड) कागदाला दोन्हीकडून प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे त्याचा हा त्रास फारसा नाही.

माझी पद्धत अशी. स्पंज घट्ट पिळून प्रिंटच्या फक्त पाठीवरून फिरवायचा. पुढे थेंबही जाता कामा नये, कारण ओलं जिलेटिन टिपकागदाला असं चिकटतं की चित्र सोलून निघतं. पाच-दहा मिनिटांत कागद मऊ पडतो. मग दोन कोऱ्या टिपकागदांत ठेवून वर प्लायवूडची फळी आणि वजन. माझ्याकडे त्यासाठी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आहे. तेवढा उपयोग तरी होतो त्यांचा. वर्तमानपत्र मात्र थेट लावू नका, शाई उतरते. तासाभराने टिपकागद बदलायचे आणि दोन दिवस तिकडे फिरकायचं नाही. पावसाळ्यात मात्र रोज उघडून बघा, जिलेटिनवर बुरशी फार लवकर धरते.

घाई असेल तर इस्त्री चालते: वाफ बंद, रेशमाइतकीच गरम, कोरडा प्रिंट दोन स्वच्छ जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये पालथा. खरं काम पुढे आहे. गरम असतानाच वजनाखाली सरकवा आणि पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नका. आर.सी. प्रिंटला इस्त्री अजिबात नको, प्लास्टिक वितळेल. घरातले जुने फोटो असतील तर यातलं काहीच करू नका, हाताने रंगवलेले तर नाहीच. ते जाणकाराकडे न्या.

पुढच्या वेळी दोन ओले प्रिंट पाठीला पाठ लावून चारही कोपऱ्यांना चिमटे लावा आणि मगच टांगा. दोघं एकमेकांना विरुद्ध बाजूंनी ओढतात, त्यामुळे वळण बरंच कमी येतं.