ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात पणजोबांच्या शिकारी रायफलचा परवाना सापडला. त्यावर .315 बोअर (नळीचा आतला व्यास, इंचात) लिहिलंय. तेव्हा फौजेत सगळीकडे .303 असताना हे .315 कुठून आलं?

.315 हेही मुळात फौजी काडतूसच आहे, फक्त आपल्याकडच्या फौजेचं नव्हे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याच्या मॅनलिखर रायफलीचं 8×50 मिमी काडतूस ते हेच. इंग्रजांनी हिंदुस्थानात सामान्य माणसाला .303 बाळगायला बंदी केली, कारण उघड होतं: छावणीतून चोरलेली काडतुसं बाहेरच्या बंदुकीत चालता कामा नयेत. मग शिकाऱ्यांसाठी फौजेच्या कोठारात नसलेलं हे माप पुढे आलं. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने फौजेच्या .303 ली-एनफिल्ड रायफलीच्याच धाटणीची .315 रायफल काढली, त्यामुळे दोन्ही लांबून सारख्याच दिसतात. फरक गोळीत आहे. फौजी .303 ची गोळी 174 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), टोकदार, धातूच्या पूर्ण आवरणाची; .315 ची शिकारी गोळी 244 ग्रेनची, बोथट, टोकाला शिसं उघडं, म्हणजे सांबरात शिरल्यावर पसरणारी. असली पसरणारी गोळी युद्धात वापरायला 1899 च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली, शिकारीला ती मनाई नव्हती.

एक मात्र आहे: .303 ची ही बंदी ब्रिटिश मुलखातली. ग्वाल्हेर संस्थान होतं, त्यामुळे परवाना दरबारचा की इंग्रज सरकारचा, हे शिक्क्यावरून आधी बघा. आणि वाड्यात काडतुसंही निघाली असतील तर हात न लावता ठाण्यात कळवा. परवाना नसताना नुसती काडतुसं ठेवणंही गुन्हा आहे.